यान कंपनीचं, माणूस आपला



या कार्यक्रमात आपण कधी कर्जाच्या हप्त्यांवर बोलतो, कधी मुलींच्या शाळेवर, कधी दुधाच्या फॅटवर. आज जरा वर बघू, चारशे किलोमीटर वर. माणसाला अंतराळात नेणारी यानं आता खासगी कंपन्या बांधतात आणि चालवतातही. म्हणजे नक्की काय होतं, पैसे कोण देतं, काम कोण करतं आणि आत बसलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी कोणाकडे राहते, एवढं आज समजून घेऊ.

विषय लांबचा वाटेल, पण तो तसा नाही. २५ जून २०२५ ला आपल्या वायुदलातले ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला अंतराळात गेले. १९८४ साली राकेश शर्मा गेले होते, त्यानंतर जाणारे हे दुसरे भारतीय. राकेश शर्मा रशियाच्या सरकारी यानातून गेले. शुक्ला गेले ते अमेरिकेतल्या स्पेसएक्स या खासगी कंपनीच्या ड्रॅगन यानातून. सोबत त्यांनी आमरस, गाजराचा हलवा आणि मुगाचा हलवा नेला होता. तिथं मूग आणि मेथीला मोड आणण्याचा प्रयोगही झाला. ज्या मेथीच्या जुड्या आपण पहाटे उठून बाजारात पाठवतो, तीच मेथी.

आपल्याकडे अंतराळ म्हटलं की खोडदच्या तबकड्या आठवतात. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या आपल्या भागात आहेत, आणि आपली पोरं विज्ञानदिनाला त्या बघायला जातात. पण त्या फक्त ऐकतात. दूरच्या ताऱ्यांकडून, आकाशगंगांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडतात. माणसाला वर पाठवायचं काम वेगळं, आणि त्याचं एक टोक आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात आहे. तिकडे आपण शेवटी येऊ.

आधी हे काम किती अवघड आहे ते बघा. पृथ्वीभोवती फिरत राहायचं, खाली पडायचं नाही, तर यानाला ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेग लागतो. त्या वेगानं जुन्नरहून पुण्याला पोचायला साधारण १२ सेकंद लागतील. दीड तासात पृथ्वीची एक फेरी पूर्ण होते. हा वेग द्यायला खाली रॉकेट लागतं. रॉकेटच्या टोकावर यान असतं, त्यात माणसं बसतात. परत येताना यान हवेत शिरलं की घर्षणानं आणि दाबलेल्या हवेनं बाहेर दीड-दोन हजार अंशांची आग होते, म्हणून खाली जाड उष्णतारोधक कवच असतं. मग पॅराशूट उघडतात आणि यान समुद्रात किंवा जमिनीवर उतरतं. यातली एक गोष्ट बिघडली तरी वर दुरुस्तीला मिस्त्री बोलावता येत नाही.

आता कंपन्यांकडे येऊ. कंपन्या यात आजच शिरल्या असं नाही. अमेरिकेत नासा ही सरकारी संस्था आहे, जशी आपली इस्रो. चंद्रावर माणसं गेली तेव्हाही अपोलो यान नॉर्थ अमेरिकन या कंपनीनं बांधलं होतं, आणि चंद्रावर उतरणारं छोटं यान ग्रुमन कंपनीनं. मग बदललं काय? बदलली ती बोली.

ही बोली आपल्याला कोणी शिकवायला नको. कांदा काढायला मजूर लावताना दोन रीती असतात. एक रोजंदारी. जितके दिवस लागतील तितके पैसे, ऊन लागलं, पाऊस आला, चार दिवस जास्त गेले तर ते आपल्या अंगावर. दुसरी रीत उक्त्याची. एकराचा भाव ठरला, आता तीन दिवसांत काढा नाहीतर पाच दिवसांत, पैसे तेवढेच. पूर्वी नासा बहुतेक काम रोजंदारीच्या रीतीनं करून घ्यायची. झालेला खर्च अधिक कंपनीचा नफा, असा हिशेब. यान सरकारचं, नकाशे सरकारच्या देखरेखीखाली, उड्डाणही सरकार करणार. नव्या रीतीत नासानं सांगितलं की आम्हाला माणसं अंतराळ स्थानकावर न्यायची आणि परत आणायची आहेत. यान तुमचं, चालवायचं तुम्ही, आम्ही ठरलेला भाव देऊ. खर्च वाढला तर तो तुमचा.

ही वेळ का आली, तेही बघा. नासाची स्पेस शटल नावाची यानं २०११ साली बंद झाली. त्यानंतर जवळजवळ नऊ वर्षं अमेरिकेकडे स्वतःची माणसं वर पाठवायला स्वतःचं वाहन नव्हतं. रशियाच्या सोयुझ यानात जागा विकत घ्यावी लागायची. नारायणगावच्या मार्केटला माल न्यायला गावात एकच टेम्पो असला तर भाडं कोण ठरवतं, ते तुम्हाला माहीत आहे. तसंच झालं. एका माणसाच्या जागेचा भाव वाढत वाढत २०२० पर्यंत ९ कोटी डॉलरवर गेला.

म्हणून २०१४ साली नासानं उक्तं काम दिलं, आणि ते मुद्दाम दोघांना दिलं. बोईंग या जुन्या मोठ्या कंपनीला ४.२ अब्ज डॉलरचं आणि स्पेसएक्स या नव्या कंपनीला २.६ अब्ज डॉलरचं. एकाचं बिघडलं तर दुसरा असावा, हा हेतू. त्यातल्या नव्या कंपनीनं ३० मे २०२० ला दोन अंतराळवीरांना वर पोचवलं. जुन्या कंपनीच्या स्टारलायनर यानाची माणसांसह पहिली फेरी व्हायला जून २०२४ उजाडला.

त्या फेरीत होत्या सुनीता विल्यम्स. वडिलांकडून गुजरातच्या, त्यामुळे आपल्याकडे घराघरांत त्यांची काळजी होती. ५ जूनला त्या आणि बुच विल्मोर निघाले. आठेक दिवसांचं काम होतं. स्थानकाजवळ पोचताना यानाचे दिशा वळवणारे छोटे झोत बंद पडू लागले, हेलियम वायूचीही गळती सापडली. यान कसंबसं स्थानकाला जोडलं गेलं. पुढे अडीच महिने खाली जमिनीवर चाचण्या आणि चर्चा चालल्या. कंपनीचं म्हणणं, यान माणसांना सुखरूप आणेल. नासाच्या लोकांना खात्री वाटेना. २४ ऑगस्टला नासानं जाहीर केलं की यान रिकामं परत येईल.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते रिकामं यान खाली आलं, आणि अगदी नीट उतरलं. तेव्हा पुष्कळ जण म्हणाले, बघा, उगीच घाबरले! मैत्रिणींनो, इथं जरा थांबून विचार करा. यान नीट उतरलं म्हणून निर्णय चुकला का? निर्णय घेताना हातात काय माहिती होती, त्यावर निर्णय तोलायचा असतो. झोत पुन्हा बंद पडणार नाहीत याची खात्री कोणालाच देता येत नव्हती. खात्री नसताना दोन जीव त्यात बसवायचे नाहीत, हे ज्यांच्या हाती होतं त्यांनी सांगितलं. सुनीताताई आणि बुच विल्मोर स्पेसएक्सच्या यानातून १८ मार्च २०२५ ला परतले, २८६ दिवसांनी. दोघांना काम दिल्याचा उपयोग तेव्हा झाला. आणि उक्त्याची बोली असल्यानं स्टारलायनरचा जादा खर्च बोईंगला सोसावा लागला. त्यांचा तोटा दोन अब्ज डॉलरच्या वर गेला.

आमच्या एका बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक ताई म्हणाल्या, "कंपनीला नफा हवा असतो, तिच्या हातात माणसाचा जीव द्यावाच कशाला? सरकारनंच करावं." प्रश्न रास्त आहे, पण सरकारी कामातही जीव गेलेत. २८ जानेवारी १९८६ ला नासाचं चॅलेंजर हे शटल उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं. सात माणसं गेली, त्यात क्रिस्टा मॅकॉलिफ या शाळेतल्या शिक्षिका होत्या. बाजूच्या बूस्टरच्या सांध्यात रबराचं कडं होतं. त्या दिवशी कडाक्याची थंडी होती, रबर ताठरलं, सांध्यातून आग बाहेर आली. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या इंजिनिअरांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं, एवढ्या थंडीत उडवू नका. नासाच्या अधिकाऱ्यांना ते पटेना, मग कंपनीच्या वरिष्ठांनीही आपल्याच इंजिनिअरांचं म्हणणं बाजूला ठेवलं. उशीर आधीच फार झाला होता, आणखी कोणाला नको होता.

म्हणजे यान सरकारचं की कंपनीचं, एवढ्यावरून सुरक्षितता ठरत नाही. "थांबा" म्हणणाऱ्या माणसाचं ऐकलं जातं का, त्यावर ती ठरते. नवी बोली चांगली आहे, काम स्वस्तात होतं, एकाच्या भरवशावर राहावं लागत नाही. पण उक्त्यात घाईची ओढ असतेच. कांदा कापताना उक्तेवाल्यानं घाईनं मान अगदी आखूड कापली, तर त्या दिवशी ढीग छान दिसतो, दोन-तीन महिन्यांनी तो कांदा बराखीत सडायला लागतो. तोवर पैसे देऊन झालेले असतात. म्हणून शहाणी बाई काम उक्तं देते, पण बांधावरून नजर हलवत नाही. काम दुसऱ्याला देता येतं, नजर देता येत नाही.

शुक्लांच्या वेळीही हीच नजर कामाला आली. आपल्या सरकारनं अॅक्सिऑम स्पेस या कंपनीकडून ती फेरी घेतली होती. अॅक्सिऑमनं यान आणि रॉकेट स्पेसएक्सकडून घेतलं. आपला खर्च प्रशिक्षण धरून साधारण साडेपाचशे कोटी रुपये होता. म्हणजे आपण तिकीट काढणारे, मध्ये एक कंपनी, गाडी तिसऱ्याची. जूनच्या सुरुवातीला रॉकेटच्या चाचणीत द्रवरूप ऑक्सिजनची गळती दिसली. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन आणि त्यांची माणसं तिथं हजर होती. वरवरचा उपाय करून उडवू नका, गळती पूर्ण दुरुस्त करा आणि पुन्हा तपासा, असा आग्रह त्यांनी धरला. ११ जूनचं उड्डाण पुढे गेलं. नंतर स्थानकावरच्या एका वेगळ्या गळतीमुळे आणखी काही दिवस गेले. टीव्हीवर रोज "पुन्हा लांबलं" असं ऐकून आपण कंटाळलो होतो. पण तिकीट काढलं म्हणून आपली माणसं गप्प बसली नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शुक्ला १५ जुलैला सुखरूप उतरले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. भारत स्वतःची माणसं स्वतःच्या यानातून पाठवणार आहे. त्या मोहिमेचं नाव गगनयान. तिचं रॉकेट एलव्हीएम-३. ज्या जातीच्या रॉकेटनं १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ गेलं, तेच, माणसांसाठी अधिक मजबूत आणि अधिक तपासलेलं. या रॉकेटच्या दोन्ही अंगांना एस-२०० नावाचे दोन मोठे बूस्टर असतात. एकेकात दोनशे टनांच्या आसपास घन इंधन. या बूस्टरचे पोलादी भाग ज्या ठिकाणी बनत आलेत त्यांतलं एक म्हणजे इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. वालचंद हिराचंदांनी साखर कारखान्याभोवती वसवलेलं गाव. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या तिथल्या वालचंदनगर इंडस्ट्रीजनं पुढे इस्रोच्या रॉकेटची कामं घेतली. गगनयानच्या रॉकेटचा एक पहिला मोठा भाग मुंबईत पवईला, लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात तयार झाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये इस्रोकडे गेला. साडेआठ मीटर लांब, साडेपाच टन वजनाचा. याच रॉकेटमधलं विकास इंजिन विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनतं.

या कामात नेमकं काय करतात? खास जातीचं कणखर पोलाद घेऊन सव्वातीन मीटर व्यासाची नळकांडी घडवतात. आपल्या घराच्या साध्या भिंतीइतकी उंच होईल एवढी रुंद. ती वेल्डिंगनं जोडतात. मग प्रत्येक सांध्याचा एक्स-रे काढतात, जसा हाड मोडल्यावर काढतात तसा. केसाएवढी भेग असली तरी ती दिसायला हवी. नंतर आत पाणी भरून दाब देतात, आणि सांधे तो सोसतात का ते बघतात. पाणीच का? कारण हवा दाबून भरली आणि नळकांडं फुटलं तर स्फोट होतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फुटलं तरी घात होत नाही. चॅलेंजरचा घात एका सांध्यानं केला, हे जगातला प्रत्येक बूस्टर बनवणारा विसरत नाही.

माणसं नेणाऱ्या या नव्या बूस्टरची चाचणी १३ मे २०२२ ला श्रीहरिकोट्याला झाली. जमिनीवर बांधून ठेवून तो १३५ सेकंद पेटवला. नंतर २१ ऑक्टोबर २०२३ ला संकटात माणसांचं यान रॉकेटपासून झटकन दूर ओढून नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी झाली. त्या दिवशी उडायला पाच सेकंद उरले असताना संगणकानं उलटी मोजणी थांबवली. तज्ज्ञांनी कारण शोधलं, दुरुस्त केलं आणि त्याच सकाळी चाचणी यशस्वी झाली. बंगालच्या उपसागरातून नौदलानं ते यान बाहेर काढलं.

आपली रीत अमेरिकेच्या नव्या रीतीपेक्षा वेगळी आहे, तेही सांगते. गगनयान इस्रोचं आहे. कंपन्या इस्रोच्या नकाशाप्रमाणे भाग बनवतात, जोडणी आणि उड्डाण इस्रो करते. २०२० पासून आपल्याकडेही खासगी कंपन्यांना स्वतःची रॉकेटं बनवायची मोकळीक मिळाली. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं छोटं रॉकेट नोव्हेंबर २०२२ मध्ये उडालं. ती रॉकेटं माणसांसाठी नाहीत. पण वारं त्या दिशेला आहे, आणि आज शाळेत असलेल्या आपल्या मुलींना हे काम दिसणार आहे.

त्या कामात लागतात वेल्डर, टर्नर, मशिनिस्ट, फिटर आणि तपासणी करणारी माणसं. हे सगळे ट्रेड आयटीआयमध्ये शिकवतात. दहावीनंतर मुलीला आयटीआयला घालायचं म्हटलं की घरातून शिवणकाम नाहीतर ब्युटी पार्लर एवढीच नावं येतात. ती कामं चांगलीच आहेत. पण एखादीचा हात यंत्रावर बसत असेल, डोळा बारीक असेल, तर तिला मशिनिस्टचा किंवा वेल्डरचा अर्ज भरू द्या. ज्या बाईला तांदळातला खडा लांबून दिसतो, तिच्या मुलीला सांध्यातली भेगही दिसेल.

आणि आता आपल्या गटांचं. आपल्यातले कितीतरी गट ऑर्डर घेतात. चटणी, मसाला, पापड, शेंगदाण्याचे लाडू, शिवणकाम. सगळी कामं उक्तीच असतात, नगाला किंवा किलोला भाव. शेंगदाण्याला ओल लागून बुरशी आली तर तिचं विष यकृताला बाधतं, आणि भाजून ते पूर्ण जात नाही. अशा वेळी पोतं बाजूला ठेवावं लागतं. ऑर्डर उद्याची, गाडी दारात, आणि एकजण म्हणते, "मला या शेंगदाण्याचा वास बरोबर वाटत नाही." तेव्हा तिला आपण काय म्हणतो? "तुझं आपलं नेहमीचंच" असं म्हणतो, की पोतं उघडून बघतो? अंगणवाडीत लाडू खाणारं मूल असो नाहीतर यानात बसलेला माणूस, आतलं दोघांनाही तपासता येत नाही. त्यांच्या वतीनं तपासणारं कोणीतरी आधीच उभं असावं लागतं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत ऑर्डर घेणाऱ्या प्रत्येक गटानं एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक ऑर्डरला माल तपासणारी एक बाई नेमायची, आणि तिचं नाव रजिस्टरला लिहायचं. त्या ऑर्डरच्या नगावर तिची मजुरी ठेवायची नाही, तिला वेगळे ठरलेले पैसे द्यायचे, म्हणजे माल थांबवला तर तिचं नुकसान होणार नाही. ती "थांबा" म्हणाली तर अध्यक्षांनीही माल पुढे पाठवायचा नाही. आणि नंतर माल चांगला निघाला तरी तिला कोणी बोल लावायचा नाही. यातला शेवटचा नियम सगळ्यात अवघड आहे, म्हणून तो लिहूनच ठेवा.

ठराव झाला की आपल्या प्रभागाच्या ताईंना कळवा. माल थांबवण्याची वेळ आली तर पुढे काय झालं तेही सांगा. चार गटांचे अनुभव जमले की या कार्यक्रमात आपण ते ऐकू.